पिंपळापुऱ्यांचे कान

मी शांत राहायचं ठरवलं, आणि आठवडाभरात रायपूरच्या अख्ख्या शंकर नगरात बातमी पसरली की पिंपळापुरे बहिरे झाले.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. मलाही तेच वाटत होतं. पण माणसाने चांगलं वागायचं ठरवलं की आजूबाजूचे लोक आधी डॉक्टरचा नंबर शोधतात, हे मला आता अनुभवाने कळलं आहे.

झालं असं, की आमच्या विभागाने नवा रायपुरात सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी कामावरच्या आणि घरच्या ताणावर एक शिबिर ठेवलं. जेवणात पनीर होतं, त्यामुळे उपस्थिती उत्तम. जेवणानंतरही उपस्थिती तशीच राहिली, फक्त डोळे मिटलेले होते. जागा एकटा मी होतो. सकाळीच झेरॉक्स मशीनवर ओरडून माझा घसा बसला होता, आणि खोकल्यामुळे झोप लागत नव्हती. व्याख्यान देणारे गृहस्थ पांढऱ्या कुर्त्यातले, आवाज पातळ केलेल्या तुपासारखा. ते म्हणाले, कोणी काही बोललं की लगेच उत्तर देऊ नका. एक लांब श्वास घ्या. हळूहळू सोडा. समोरचा काय म्हणाला ते मनात एकदा उलगडून पाहा. मग बोला.

मी श्यामकांत पिंपळापुरे, तक्रार कक्षाचा अधीक्षक. राज्यभरातली रागावलेली माणसं निवडून-निवडून माझ्या टेबलाकडे पाठवली जातात, आणि त्यांच्यापेक्षा मोठ्याने बोलणं हीच माझी तोवरची कार्यपद्धती होती. तिचा घसा सोडून कशावरही परिणाम झालेला नव्हता. म्हटलं, करून तर पाहू.

त्याच संध्याकाळी घरी पोचलो तर दारातच चित्रा, म्हणजे आमची ही, कमरेवर हात ठेवून उभी.

“अहो, गॅस संपला. तुम्हाले सांगितलं होतं नं बुक करा म्हणून? काहून नाही केला?”

एरवी मी बूट काढायच्या आत तीन मुद्दे मांडले असते. त्या दिवशी मी लांब श्वास घेतला.

“मी काय म्हणून राहिली?”

मी श्वास सोडायला लागलो.

“अहो! ऐकू येते का?”

तेवढ्यात माझं उलगडून पाहणं संपलं. मी अत्यंत प्रेमाने म्हणालो, “तुझं बरोबर आहे. चूक माझीच आहे.”

चित्राचा चेहरा पांढरा पडला. तिने मला हाताला धरून सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं आणि आतल्या खोलीत जाऊन आमच्या पुष्करला म्हणाली, “तुझ्या बाबाले काहीतरी झालं. ऐकू आलं असतं तर असं बोलले नसते ते.”

पुष्कर इंजिनीअरिंगला आहे. त्याला मराठी सगळं समजतं, पण उत्तर तो हिंदीतच देतो. तो बाहेर आला, माझ्यासमोर वाकला आणि मी चंद्रावर असल्यासारखा ओरडला, “बाबा! आप मुझे सुन पा रहे हो?”

आता शिबिरातला नियम असा, की शांतपणे उत्तर द्यायचं. मी श्वास घेतला. तो सुटेपर्यंत पुष्करने आईकडे पाहून मान हलवली होती, आणि मी “हो, ऐकू येतं” म्हणालो तेव्हा दोघंही स्वयंपाकघरात पोचली होती.

दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे पांडुरंगजी आले. पांडुरंगजी रेल्वेत गार्ड होते, आता सेवानिवृत्त आहेत आणि सल्ला द्यायला मोकळे आहेत. आयुष्यभर इंजिनाच्या आवाजावर आवाज काढल्यामुळे ते कानगोष्ट सांगत असले तरी ती चौथ्या मजल्यापर्यंत जाते. ते माझ्या गाडीबद्दल बोलायला आले होते. माझी स्कूटर त्यांच्या तुळशीच्या कुंडीला टेकते, हा आमचा जुना, दोघांनीही जिवापाड सांभाळलेला वाद.

“श्यामकांत, गाडी काहून लावून राहिला रे तिथं?”

मी श्वास घेतला.

पांडुरंगजी थांबले. त्यांनी माझ्या कानाजवळ चुटकी वाजवली. मग दुसऱ्या कानाजवळ वाजवली. मग चित्राकडे वळून म्हणाले, “वहिनी, हे तं कानाचं काम आहे.”

“मला ऐकू येतं, पांडुरंगजी,” मी शांतपणे म्हणालो.

“हव, हव,” माझ्या पाठीवर हात फिरवत ते गहिवरून ओरडले, “सगळ्यायले सुरुवातीला असंच वाटते!”

जो माणूस ‘मला ऐकू येतं’ हे न चिडता सांगतो, त्याच्यावर या जगात कोणी विश्वास ठेवत नाही. मी चिडून सांगितलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण मीही हट्टाला पेटलो होतो. शांत राहण्याचा हट्ट हा इतर हट्टांपेक्षा वाईट असतो, कारण तो करताना आपण हट्ट करतोय हे कळतच नाही.

मग सुरू झाले उपाय. पांडुरंगजींनी मोहरीच्या तेलात लसूण कढवायला सांगितला. वरच्या मजल्यावरच्या दीदींनी कांद्याचा रस सांगितला. सदर बाजारातल्या आमच्या ओळखीच्या सराफाने तर कान टोचून घ्यायचा सल्ला दिला, आणि बाळीचं डिझाइनही दाखवलं. संध्याकाळी जिन्यात भेटणारे लोक मला नमस्कार करायचे सोडून हातवारे करू लागले. एकाने ‘जेवलात का’ हे हातांनी इतकं विस्ताराने विचारलं, की मला वाटलं त्याच्या घशात घास अडकला. मी त्याची पाठ थोपटली. त्याने ते आभार समजून स्वीकारलं.

पुष्करने माझ्या सोयीसाठी दाराच्या घंटीला लाल दिवा जोडला. घंटी वाजली की बैठकीत तो दिवा लागायचा, विझायचा. वायरिंगमध्ये काय घोळ झाला देव जाणे, पण इमारतीत कोणाचीही घंटी वाजली की आमचा दिवा लुकलुकायचा. रस्त्यावरून पाहणाऱ्याला वाटायचं, पिंपळापुऱ्यांनी घरात नाच-गाण्याचा काहीतरी धंदा काढला. मी शांत होतो. मी श्वास घेत होतो. माझी छाती त्या काळात इंचभर तरी वाढली असावी.

बातमी स्टाफ बसने नवा रायपुरापर्यंत माझ्याआधी पोचली. बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर दोघेजण बसायचे. ते आता माझ्याबद्दल माझ्या मागे बसून, मनमोकळं बोलू लागले. माझ्या मिशीबद्दल एकाचं मत असं होतं, की ती चेहऱ्याला नाही, फक्त ओठाला शोभते. दुसरा म्हणाला, बसमध्ये पिपलापुरे साहब घोरतात तेव्हा टायर पंक्चर झाल्यासारखं वाटतं. हे ऐकून न ऐकल्यासारखं करणं सोपं नाही. मी खिडकीबाहेर ते रुंद, मोकळे रस्ते बघत राहिलो आणि मिशीवरून हात फिरवत राहिलो.

आणि ऑफिसात मात्र एक विलक्षण गोष्ट घडू लागली.

पहिल्याच दिवशी अभनपूरकडचा एक माणूस टेबलावर मूठ आपटत आला. त्याचं काम वर्षभर अडलं होतं. तो बोलला, ओरडला, आमच्या विभागाच्या पूर्वजांचा उद्धार केला. मी श्वास घेत त्याच्याकडे पाहत राहिलो. कोणी मध्ये बोलेना, तेव्हा त्याचा वेग कमी झाला. मग तो थांबला. इकडेतिकडे बघून खुर्चीवर बसला आणि एकदम वेगळ्याच, घरातल्या आवाजात म्हणाला, “साहब, असल में बात इतनी सी है…” बात खरंच इतकीशी होती. एक फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायची होती. मी उठलो, घेऊन गेलो, झालं.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलापुढे रांग लागली. माझ्या शेजारी तुळशीराम साहू बसतो, विभागाचा सगळ्यात जुना बाबू. तो रांगेतल्या लोकांना माझ्यासमोरच समजावत होता, “साहब सुनते नहीं हैं। मन भर के बोल लो, हल्का लगेगा।” लोक खरंच मन भरून बोलायचे. धमतरीचे एक काका तर आमच्या विभागाशी काहीही संबंध नसताना आले, सुनेबद्दल सगळं बोलून गेले आणि जाताना मला पेरू देऊन गेले.

मला ते टेबल आवडू लागलं. इतकी वर्षं मी तक्रारींना उत्तरं देत होतो, ऐकायला वेळच झाला नव्हता.

पण आमचे साहेब, इंद्रजीत सर, यांना काळजी पडली. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि ओठांचे मोठमोठे आकार करत म्हणाले, “पि-प-ला-पु-रे जी। शिकायत कक्ष में सुनने वाला ही न सुने, तो ऊपर क्या जवाब दूँ?”

मी श्वास घेतला. तो पुरा व्हायच्या आत त्यांनी निर्णय दिला. सरकारी दवाखान्यातून कान तपासून आणायचे. कान ठीक निघाले तर ठीक, नाहीतर तळघरातली अभिलेख शाखा. तिथे कोणाचं ऐकायचं नसतं, तिथे कोणी बोलतच नाही. जुन्या फायली आणि वाळवी.

मी दवाखान्याची वाट धरली.

दवाखान्यात खिडकीवर सांगितलं, विभागाचं पत्र आणा. विभागाने सांगितलं, आधी दवाखान्याची चिठ्ठी आणा. हे दोन्ही मिळवून बाकावर बसलो, तर आतून पुकारा झाला, “शामकांत!” मी सवयीने श्वास घेतला, आणि ‘हो’ म्हणेपर्यंत माझ्या पुढचा माणूस आत गेला. असं पुन्हा झालं. पुन्हा झालं. शेवटी पुकारणाऱ्यानेच बाहेर येऊन मला दंडाला धरून आत नेलं आणि तपासणाऱ्या मुलीला सांगितलं, “मॅडम, इनका केस सीरियस है।”

मुलगी आमच्याकडचीच, नागपूरची निघाली. नाव स्वरदा. तिने मला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. “काका, आवाज आला की लगेच बटण दाबायचं. सोपं आहे एकदम.”

आवाज आला. मी श्वास घेतला. सोडला. बटण दाबलं.

पुन्हा आवाज आला. मी पुन्हा तेच केलं. मला वाटत होतं, काम उत्तम चाललं आहे. बाहेर स्वरदा कपाळाला हात लावून बसली होती.

“काका, तुम्ही प्रत्येक वेळी आवाज बंद झाल्यावर दाबून राहिले! माझ्या मशीनच्या हिशोबाने तुम्हाले आवाज ऐकू येत नाही, फक्त शांतता ऐकू येते.”

“मी विचार करून दाबत होतो,” मी म्हणालो.

“बीपमध्ये विचार करायसारखं काय आहे, काका?”

तिने मला पुढच्या सोमवारी पुन्हा यायला सांगितलं आणि तोवर निकाल अर्धवट ठेवला. इंद्रजीत सरांनी ‘अर्धवट’ या शब्दाचा अर्थ ‘बहिरा’ असा घेतला, आणि तळघरात माझ्यासाठी खुर्ची पुसायला सांगितली.

त्या संध्याकाळी मी घरी बैठकीत चहा पीत बसलो होतो. शेजारीच चित्रा तिच्या बहिणीशी, क्षमाशी फोनवर बोलत होती. मी असताना ती आता फोन घेऊन आत जात नसे.

“काय सांगू तुले, क्षमा. ह्यायचे कान गेले त्याचं वाईट वाटते. पण खरं सांगू? घरात इतकं बरं वाटून राहिलं! मी बोलते, तर हे माझ्याकडे बघत बसतात. लग्न झाल्यापासून कधी असं पूर्ण बोलून झालं नव्हतं माझं. परवा मी त्यायले आईच्या आजारपणाचं सांगितलं, सगळं, मनातलं. त्यायले काही कळलं नसन, पण त्यांचे डोळे भरून आले होते.” मग तिचा आवाज बारीक झाला. “इलाज झाला की पुन्हा भांडाले लागतील. मले तर इलाजाचीच भीती वाटते आता.”

कपातला चहा थंड होऊन गेला. ‘मला सगळं ऐकू येतं’ हे सांगायची हीच वेळ होती. पण त्या सगळ्या गोष्टी तिने बहिऱ्या नवऱ्याला सांगितल्या होत्या, माझ्यासारख्या ऐकणाऱ्याला नव्हे. मी श्वास घेतला आणि गप्प राहिलो. त्या दिवशी शांत राहण्याचं मला खरंच ओझं वाटलं.

रविवारी सकाळी पांडुरंगजी वाटीत लसणाचं तेल घेऊन हजर झाले. सोबत अर्धी इमारत. मला खुर्चीवर बसवलं, पुष्करने डोकं धरलं, दीदींनी टॉवेल. पांडुरंगजी म्हणाले, “आधी शीर मोकळी करावी लागते. मग तेल.” मला वाटलं, मालिश करणार आहेत. मी डोळे मिटून छान श्वास घ्यायला लागलो. आणि त्या माणसाने खिशातून रेल्वेची शिटी काढली, माझ्या उजव्या कानाला लावली आणि बिलासपूरपर्यंत ऐकू जाईल अशी फुंकली.

माझा घेतलेला सगळा श्वास एकदम बाहेर आला.

“पांडुरंगजी! डोकं फिरलं का तुमचं? कानाचा पडदा आहे तो, मालगाडी नाही! आणि तू काय धरून राहिला रे माझं मुंडकं, सोड! तो लाल दिवा काढ आधी भिंतीवरून! आणि कांद्याचा रस, लसणाचं तेल… माणूस आहे का लोणचं आहे मी?”

खिडकीतलं कबूतर उडून गेलं.

मग चित्रा दोन्ही हात तोंडावर ठेवून किंचाळली, “ह्यायले ऐकू आलं!”

त्यानंतर जे झालं त्याला फक्त उत्सव म्हणता येईल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुष्कर नाचला. पांडुरंगजींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी शिटीला कपाळाला लावून नमस्कार केला. कोणीतरी जिलबी आणली. वरच्या दीदी म्हणाल्या, “भैया, मुझे भी डाँटिए ना थोड़ा!” मी चिडून “काय पोरखेळ लावला” म्हणालो, तर पुन्हा टाळ्या. मी जितका ओरडत होतो तितकी जिलबी वाढत होती. आयुष्यात माझ्या रागाचं इतकं कौतुक कधीच झालं नव्हतं. शेवटी मलाच हसू आलं, आणि तोंडात जिलबी असल्यामुळे पाकाचे शिंतोडे पांडुरंगजींच्या सदऱ्यावर उडाले. ते म्हणाले, “उडू दे, उडू दे!”

सोमवारी स्वरदापुढे मी विचार वगैरे बाजूला ठेवून बटणं दाबली. ती म्हणाली, “काका, तुमचे कान तर माझ्याहून चांगले आहेत.”

पण ऑफिसात इंद्रजीत सर पुन्हा चिंतेत. “अब सुनते हैं, तो फिर लड़ेंगे,” ते तुळशीरामला म्हणाले. “तहखाना ही ठीक है।” रांगेतले लोकही निराश दिसले. मन भरून बोलायची सोय गेली म्हणून एकजण तर परत निघाला होता.

माझ्या ओठांवर पाच-सहा सडेतोड वाक्यं तयार होती. मी ती गिळली, श्वास घेतला आणि म्हणालो, “सर, रांगेत जो सगळ्यात जास्त रागावलेला असेल त्याला पाठवा. तुम्ही शेजारी बसा. मग ठरवा.”

आल्या त्या टिकरापाऱ्याच्या एक बाई. अशा बोलल्या, की तुळशीरामने फायलीत डोकं घातलं आणि इंद्रजीत सरांनी खुर्ची मागे सरकवली. मला ‘पत्थर’ म्हणाल्या, ‘कुर्सीतोड़’ म्हणाल्या. मला प्रत्येक शब्द लागला, कारण ऐकू येत होता. मी तो मनात उलगडून पाहिला. उलगडल्यावर आत फक्त थकवा होता. बाई दम घ्यायला थांबल्या तेव्हा मी विचारलं, “दीदी, सुबह से कुछ खाया है?”

त्या डोळ्यांना पदर लावून हसल्या. “कहाँ साहब, सीधे बस पकड़ के आए हैं।”

चहा आला, समोसा आला, आणि काम जेवणाच्या सुट्टीआधी झालं. इंद्रजीत सरांनी खुर्ची पुन्हा पुढे ओढली. मग तुळशीरामला म्हणाले, “सुन भी रहे हैं, लड़ भी नहीं रहे। इनको यहीं रहने दो भाई।” तळघरातली माझी खुर्ची परत कोणाला पुसावी लागली नाही.

संध्याकाळी मी आणि चित्रा गॅलरीत बसलो होतो. बराच वेळ ती कपाच्या कडेवरून बोट फिरवत होती.

“एक विचारू?” ती म्हणाली. “त्या शिटीच्या आधी तुम्हाले… थोडंबहुत ऐकू येत होतं का?”

“सगळं,” मी म्हणालो.

“फोनवरचं?”

“फोनवरचं. आईचंही.”

तिचा चेहरा लाल झाला. नाक फुगलं. मी ओळखलं, आता वीज पडणार. माझी तीन उत्तरंही तयार होती, ‘तूच समोर बसून बोलत होतीस’ हे त्यांतलं सगळ्यात सौम्य. मी ती बाजूला ठेवली आणि लांब श्वास घेतला.

आणि चित्राने, माझ्याकडे रोखून बघत, तसाच लांब श्वास घेतला.

दोघंही समोरासमोर, छाती फुगवून, गप्प. खाली पांडुरंगजींच्या शिटीच्या इलाजाला आलेल्या लोकांच्या चपलांची रांग लागलेली. वर आम्ही दोघं हळूहळू श्वास सोडतोय, आणि सोडता-सोडता तिच्या ओठांचा कोपरा हलायला लागलेला.

तेवढ्यात पुष्कर आतून आला. “मम्मी, खाने में क्या है?”

चित्राने त्याच्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता पुन्हा श्वास घेतला.

“मम्मी?”

ती श्वास सोडत होती.

पुष्करने माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, कपाळावर हात मारला आणि जिन्याकडे धावत सुटला. “पांडुरंग अंकल! जल्दी ऊपर आइए, अब मम्मी का भी गया!”

त्याला हाक मारून थांबवायला हवं होतं. पण आम्ही दोघंही इतके हसत होतो, की कोणाच्याच तोंडून शब्द फुटेना.